सिगारेट पुन्हा सुरू झाली असेल तर : नव्याने सोडणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सिगारेट सोडून काही आठवडे किंवा काही महिने गेले आणि एखाद्या संध्याकाळी ती पुन्हा ओठांत आली, अशी ज्यांची अवस्था झाली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांनी आजवर एकदाही सोडलेली नाही, त्यांनाही तो उपयोगी पडेल. पण माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः तो माणूस आहे, जो हल्ली घरात कुणाला न सांगता मागच्या दाराने बाहेर पडतो, तोंडात वेलची टाकून परत येतो आणि ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ अशी खूणगाठ बांधून बसला आहे. त्याचा हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे त्याला शांतपणे समजावून सांगणारे माणूस त्याच्या आसपास बहुधा नसते.

गोव्यात ही अडचण जरा जास्तच आहे. २०१६-१७ साली झालेल्या देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण सर्व राज्यांत सर्वांत कमी गोव्यात आढळले. देशात ते २८.६ टक्के होते, तर गोव्यात ९.७ टक्के. ही समाधानाची गोष्ट आहेच. पण त्यामुळे होते असे की, सिगारेट ओढणारा माणूस आपल्या कुटुंबात अनेकदा एकटाच असतो, त्याने ती सोडली की सगळ्या वाड्यावर कौतुक होते, आणि पुन्हा सुरू झाली की ते कौतुकच त्याच्या तोंडावर हात ठेवते. मग लपवणे सुरू होते, आणि लपवलेल्या गोष्टीवर उपाय होत नाही.

म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. कोणतेही औषध किंवा समुपदेशन न घेता, केवळ मनाच्या जोरावर केलेल्या प्रयत्नांपैकी साधारण तीन ते पाच टक्केच प्रयत्न सहा महिने ते वर्षभर टिकतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे पुन्हा सुरू होणे हा अपवाद नव्हे. कायमची सोडलेल्या बहुतेक लोकांनी ती त्याआधी अनेकदा सोडून पाहिलेली असते. तुम्ही आता जो प्रयत्न करणार आहात, त्यात तुमच्याजवळ मागच्या वेळी नसलेली एक माहिती आहे : तुमचा निश्चय नेमका कुठे, कुणाबरोबर आणि कोणत्या घटकेला सुटला, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचे सगळे काम या माहितीवर उभे करायचे आहे.

पहिले चोवीस तास

एक सिगारेट ओढली जाणे आणि व्यसन पूर्ववत सुरू होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये काही तासांचे, फार तर काही दिवसांचे अंतर असते, आणि जे करायचे ते याच अंतरात करायचे असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या प्रक्रियेचा सखोल अभ्यास केला. त्यांचे एक महत्त्वाचे प्रतिपादन असे की, माणसाला मागे ओढण्यात त्या पहिल्या सिगारेटइतकाच वाटा तिच्यानंतर मनात उठणाऱ्या अपराधीपणाचा आणि हताशपणाचा असतो. सकाळी चुकून उपवास मोडला म्हणून उरलेला सगळा दिवस वाटेल ते खाणारी माणसे आपण पाहतोच. सिगारेटच्या बाबतीत अगदी तेच घडते. ‘मोडलेच आहे, तर आता पाळायचे कशाला’ हा विचार मनात आला की तो ओळखा, आणि त्याच्या मागे जाऊ नका.

त्याचबरोबर स्वतःला सूट देणेही तितकेच घातक आहे. सोडल्यानंतर एक सिगारेट ओढणाऱ्यांपैकी बहुतेक जण थोड्याच दिवसांत पूर्वीच्या आकड्यावर जातात, कारण निकोटीनला सरावलेला मेंदू ती ओळख विसरलेला नसतो. तेव्हा ‘आठवड्यातून एखादी’ हा करार तुमच्यासाठी नाही, असेच धरून चाला.

पाकीट विकत घेतले असेल, तर उरलेल्या सिगारेटी नळाखाली भिजवून मगच टाकून द्या. कोरड्या टाकलेल्या सिगारेटी रात्री केराच्या डब्यातून परत बाहेर काढल्या जातात. निकोटीनचा पॅच किंवा गम चालू असेल, तर तो बंद करू नका. ‘सिगारेट ओढली, आता पॅच लावला तर अपाय होईल’ या भीतीने अनेक जण पॅच काढून टाकतात आणि नेमका त्याच दिवशी आधार गमावून बसतात. एखादी सिगारेट ओढली गेली तरी उपचार चालू ठेवून पुन्हा धूम्रपानमुक्त व्हावे, असाच वैद्यकीय सल्ला आहे. तिसरे असे की, त्याच दिवशी एका माणसाला खरे सांगा. पत्नी, थोरला भाऊ, कार्यालयातला सहकारी, कुणीही चालेल. सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण कुणालाच न सांगणे टाळा.

आणि लांबची तारीख धरू नका. आपल्याकडे अनेक जण श्रावण पाळतात. मासे, मांस, दारू यांच्याबरोबर सिगारेटही महिनाभर बंद ठेवतात. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेपूर्वी काही दिवस कडक व्रत करतात. ज्याने हे पाळून दाखवले आहे, त्याच्या अंगी ताकद नाही असे कुणी म्हणू नये. परंतु ‘आता पुढच्या श्रावणात बघू’ असे म्हणणे म्हणजे मधले दहा-अकरा महिने सिगारेटच्या स्वाधीन करणे आहे. नवी तारीख आजची, उद्याची किंवा जास्तीत जास्त पुढच्या आठवडा-पंधरवड्यातली असावी.

त्या सिगारेटचा पंचनामा

आता वही घ्या. मनातल्या मनात केलेला विचार इथे पुरत नाही, कारण मन स्वतःच्या सोयीची कारणे पुढे करते. ‘टेन्शन होते’ एवढे लिहून भागणार नाही. दिवस कोणता होता, किती वाजले होते, जागा कोणती होती, शेवटचे जेवण कधी झाले होते, आदल्या रात्री झोप किती झाली होती, दारू घेतली होती का, सिगारेट कुणी दिली की स्वतः मागितली, आणि ओढण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात काय काय घडले, हे सगळे क्रमाने लिहायचे. दोष देण्यासाठी हा पंचनामा नाही. अपघाताच्या जागी पोलीस जसे अंतर मोजतात, रस्त्याची स्थिती टिपतात, तशी नुसती नोंद करायची.

एक उदाहरण घेऊ, कारण गोव्यात ते घरोघर घडते. श्रावणभर सिगारेट बंद आहे. चतुर्थी येते. मुंबई-पुण्याकडचे आणि गोव्यातच इतरत्र स्थायिक झालेले भाऊबंद मूळ घरी जमतात. माटोळी बांधून झालेली असते, घुमट-शामेळाच्या गजरात आरत्या झालेल्या असतात, नेवऱ्यांची ताटे फिरलेली असतात. रात्री अकराच्या सुमारास पाच-सहा पुरुषमंडळी मागच्या अंगणात येतात. पाऊस नुकताच थांबलेला असतो, आत पत्त्यांचा डाव मांडला जात असतो. एक चुलतभाऊ पाकीट उघडून पुढे करतो. तो काही आग्रह करत नाही. सवयीने, वर्षानुवर्षे करत आला तसेच, प्रेमाने करतो. हात पुढे जातो, आणि सिगारेट पेटल्यावरच लक्षात येते की आपण सोडली होती.

या प्रसंगाचा पंचनामा केला तर काय दिसते? तणाव कुठेच नाही. उलट आनंद आहे. भूक नाही, पण दोन दिवसांची अपुरी झोप आहे. पाकीट विकत घेतलेले नाही, दिले गेले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण सिगारेट सोडल्याचे त्या चुलतभावाला माहीतच नव्हते. याचा अर्थ या माणसाला ताण कमी करण्याच्या व्यायामाचा सल्ला देऊन फारसा उपयोग नाही. त्याला चतुर्थीच्या आधी तीन-चार भावांना फोन करून सांगण्याची गरज आहे, आणि आरतीनंतर अंगणात न जाता थेट पत्त्यांच्या डावाकडे जाण्याची गरज आहे. तुमची सिगारेट वेगळ्या वाटेने आली असेल, तर तुमचा उपायही वेगळा असेल. म्हणूनच दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उचलू नये.

शरीरात काय चालते

सिगारेटचा झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते, आणि त्यामुळेच दिवसभर ओढणाऱ्याला ठरावीक अंतराने पुन्हा तलफ येते. पूर्ण बंद केल्यावर काही तासांतच चिडचिड, अस्वस्थता, भूक, एकाग्रतेचा अभाव, झोपमोड ही लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक जोरात असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी ओसरतात. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती वाढतच जाईल असे वाटते, पण ती चढते आणि सिगारेट न ओढताही उतरते.

दोन गोष्टींनी माणसे विनाकारण घाबरतात. पहिली म्हणजे खोकला. धुरामुळे निकामी झालेले श्वासनलिकांतील सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, त्यामुळे काहींचा खोकला सुरुवातीचे काही आठवडे वाढतो. ‘सोडल्यावरच खोकला लागला’ म्हणून पुन्हा सुरू करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. अर्थात खोकल्यातून रक्त पडले, ताप राहिला किंवा दम लागू लागला तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट चहा-कॉफीची. तंबाखूच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा वेगाने करते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढीच कॉफी प्यायली तरी रक्तात कॅफीन जास्त राहते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही, हे सगळे मग निकोटीनच्या नावावर मांडले जाते. पहिल्या आठवड्यापासूनच कॉफी आणि चहा निम्म्यावर आणा. कोकम सरबत, लिंबूपाणी, ताक यांपैकी जे आवडेल ते हाताशी ठेवा.

औषधाची मदत

या विषयावर मी आग्रहाने लिहितो आहे, कारण आपल्याकडे औषध घेणे म्हणजे मनाचा कमकुवतपणा, असा एक समज आहे. निकोटीनचे व्यसन हा मेंदूशी निगडित आजार आहे, आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडण्यासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत समुपदेशनाच्या जोडीने औषधोपचाराची स्पष्ट शिफारस आहे. मागच्या खेपेला तुम्ही औषधाशिवाय प्रयत्न केला असेल, तर या खेपेला तरी तसे करू नका.

सर्वांत सहज मिळणारा उपाय म्हणजे निकोटीनचा गम. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर चार मिलिग्रॅमची गरज पडू शकते, आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हा गम चघळण्याची पद्धत न कळल्यामुळे अनेक जण एक-दोन दिवसांत तो टाकून देतात. साध्या च्युइंगगमसारखा तो सतत चघळला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी लागते, घशाशी जळजळते, आणि तलफ काही भागत नाही. तेव्हा तो हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा. मिरमिरीत चव आली किंवा हिरडीला चुणचुणले की चावणे थांबवा आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये तो ठेवून द्या. मिनिटभराने चव ओसरली की पुन्हा थोडा चावा आणि या वेळी दुसऱ्या बाजूला ठेवा. असे अर्धा तास चालते. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे कॉफी, सोडा, लिंबू-कोकमाची सरबते घेऊ नका, कारण तोंडात आम्लता असली की निकोटीन शोषले जात नाही. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक आणि नंतर हळूहळू अंतर वाढवत साधारण बारा आठवड्यांपर्यंत, असा त्याचा क्रम असतो. तलफ अनावर होण्याची वाट पाहू नका; वेळेवर घेतलेला गमच उपयोगी पडतो.

पॅच रोज सकाळी स्वच्छ, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावतात आणि रोज जागा बदलतात. आपल्याकडच्या दमट हवेत तो सुटू शकतो. लावल्यावर तळहाताने दहा सेकंद घट्ट दाबून धरावा. दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पुढे १४ आणि ७ वर आणतात. पॅच दिवसभर संथपणे निकोटीन देतो, आणि अचानक आलेल्या तलफेसाठी गम किंवा चघळण्याची गोळी हाताशी राहते; ही जोडी एकट्या उपायापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. कर्करोग होतो तो धुरातील इतर घटकांमुळे, उपचारातल्या निकोटीनमुळे नव्हे, हेही लक्षात असू द्या. गर्भवती स्त्रियांनी, आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याखेरीज यातले काहीही घेऊ नये.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. व्हॅरेनिक्लिन सिगारेट सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे देतात; ते जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतले तर मळमळ कमी होते. फिट येण्याचा आजार असलेल्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. डॉक्टरांपुढे जुने सगळे आजार आणि चालू औषधे सांगितली पाहिजेत.

मदतीसाठी लांब जावे लागत नाही. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्तीची सेवा दिली जाते. म्हापसा आणि मडगाव इथल्या जिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिची चौकशी करा. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तिथेच मानसोपचार व मानवी वर्तन संस्थाही आहे. फोनवर बोलणे सोपे वाटत असेल, तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय सेवा निःशुल्क आहे. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, आणि रोज हाताळूनही तो कुणी फिरवत नाही. तिथले समुपदेशक एकदा बोलून थांबत नाहीत. पुढे ठरलेल्या दिवशी ते स्वतः फोन करतात. पुन्हा सुरू झाली म्हणून दुसऱ्यांदा फोन केला तर कुणी रागावत नाही.

तारीख आणि घराची आवराआवर

तारीख ठरली की आदल्या रात्री गाडीची डिकी, शर्टांचे खिसे, कार्यालयातला खण, बाल्कांवातला (घरापुढच्या ओसरीतला) कोपरा तपासून लाईटर, ॲशट्रे, थोटके सगळे काढून टाका. धुराचा वास धरलेले पडदे, चादरी, हेल्मेटचे अस्तर धुऊन घ्या. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मात्र ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून एकही सिगारेट घरात ठेवू नका.

नेहमीच्या जागा

पंचनाम्यात ज्या जागा आल्या, त्यांच्यासाठी आता एकेक ठोस बेत आखा. गोव्यातल्या बहुतेकांच्या वहीत पहिली जागा असते ती गाड्याची. तिठ्यावरचा गाडा, दोरीला बांधून लटकत ठेवलेला लाईटर, काचेच्या बरण्यांमागे उघडे पाकीट, आणि तोंडातून शब्द निघण्याआधीच पुढे येणारी तुमच्या ब्रँडची सुटी सिगारेट. सुट्या सिगारेटीमुळे आपण ‘पाकीट घेतले नाही’ या समाधानात राहतो आणि दिवसातून पाच वेळा तिथे जातो. यावर दोन उपाय आहेत. रस्ता बदलता येत असेल तर महिनाभर बदला. बदलता येत नसेल तर गाडेवाल्याशी सरळ बोला : “बाब, मी सिगारेट सोडली आहे. उद्या मी मागितली तरी मला देऊ नका.” हे बोलताना संकोच वाटतो; पण गावातला गाडेवाला तुम्हाला वर्षानुवर्षे ओळखतो, आणि माझा अनुभव असा की बहुतेक जण हा शब्द पाळतात.

दुसरी जागा म्हणजे सकाळचे हॉटेल. पातळभाजी-पाव, वर चहा, आणि बाहेर येऊन सिगारेट, ही साखळी इतकी पक्की असते की चहाचा शेवटचा घोट घेतानाच हात खिशाकडे जातो. यातली एक कडी बदलली तरी साखळी ढिली पडते. पहिले काही आठवडे नाश्ता घरी करा, किंवा हॉटेलात चहाच घेऊ नका, किंवा खाऊन झाल्याबरोबर उठून हात धुवा आणि गम तोंडात घालून थेट कामाला लागा. दहा-अकराच्या सुमारास पेज घेण्याची पद्धत ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांनी ती चालू ठेवावी. रिकाम्या पोटी तलफ अधिक छळते.

तिसरी जागा दारूची. मी दारू न पिणाऱ्यांसाठी लिहीत नाही आणि पिणाऱ्यांना उपदेशही करत नाही. परंतु दारूच्या एका पेल्यानंतर सिगारेट नाकारण्याची शक्ती झपाट्याने कमी होते, आणि पुन्हा सुरू होण्याच्या कहाण्यांत तिचा उल्लेख सतत येतो. पहिला महिना, जमल्यास तीन महिने, दारू पूर्ण टाळा. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूचा, मोसम असतो, रविवारी झरीवर किंवा काजूच्या बागेत मंडळी जमतात. तुमची तारीख त्या सुमारास येत असेल तर त्या बैठकींना यंदा जाऊ नका. दोस्तांना कारण सांगा. जो खरा दोस्त आहे तो समजून घेतो.

वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत, हॉटेलांत आणि पणजीच्या कॅसिनोंत रात्रपाळी करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तिथे सिगारेट ही विश्रांतीची एकमेव मान्य सबब होऊन बसते. सिगारेट न ओढणारा माणूस जागेवरून उठतच नाही. सिगारेट सोडली तरी विश्रांती सोडू नका. त्याच वेळी बाहेर पडा, पण धूर करणाऱ्यांच्या कोपऱ्याकडे न जाता दुसऱ्या दिशेला चार फेऱ्या मारा, तोंडावर पाणी मारा, घरी फोन करा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारा कायदा गोव्याने केंद्राच्या २००३च्या कायद्याआधी, १९९७ सालीच केला. तेव्हा कामाच्या जागी धुरापासून दूर बसण्याची मागणी करणे हा तुमचा हक्क आहे.

तलफ आली की त्या पाच-दहा मिनिटांत काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवा : घड्याळ पाहा, ग्लासभर पाणी सावकाश प्या, दहा दीर्घ श्वास घ्या, जागा सोडा. बडीशेप, लवंग, वेलची चघळा. सुपारी मात्र नको, कारण तंबाखू नसलेली सुपारीही तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. सिगारेटऐवजी मळलेली तंबाखू, मशेरी किंवा विडी घेणे म्हणजे निकोटीनची केवळ वाट बदलणे आहे. ई-सिगारेटच्या उत्पादन व विक्रीवर भारतात २०१९पासून बंदी आहे. किनाऱ्यावर कुणी चोरून विकत असला तरी तिच्या वाट्याला जाऊ नका.

घरच्या माणसांसाठी

पुन्हा सुरू झाल्याचे कळल्यावर घरात सहसा दोनच गोष्टी होतात : आदळआपट किंवा अबोला. दोन्हींमुळे माणूस अधिक लपवू लागतो. ‘परत कशी काय ओढलीस?’ असे विचारण्याऐवजी ‘कुठे होतास तेव्हा? आता काय करू या?’ असे विचारा. वहीतला पंचनामा त्याच्याबरोबर बसून वाचा. पहिल्या दोन आठवड्यांतली त्याची चिडचिड मनाला लावून घेऊ नका, पण मुलांसमोर ती सहनही करू नका. त्याला थोडा वेळ बाहेर फिरून यायला सांगा. आणि कपड्यांचा वास घेणे, खिसे तपासणे ही पाळत थांबवा.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच मन लागेनासे झाले किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार आले, तर ते केवळ सिगारेट सोडल्याचे लक्षण समजून बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. तो फिरवा किंवा त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तीन महिन्यांनंतर

शारीरिक लक्षणे गेल्यावर धोका वेगळ्या रूपाने येतो. ‘आता सुटली आहे, एक ओढून बघू’ असे वाटते, आणि मी पाहिलेली अनेक माणसे चौथ्या-पाचव्या महिन्यात याच विचाराने परत गेली. दुसरा धोका म्हणजे घरातला मृत्यू, नोकरी जाणे, इस्पितळात काढलेल्या रात्री. अशा वेळी जुना सोबती म्हणून सिगारेट आठवते. तारीख उलटून गेली, औषधांचा क्रम संपला, तरी गमची एक पट्टी घरात ठेवा, आणि असा प्रसंग आला की तिचा संकोच न करता वापर करा.

वजन वाढण्याची भीती खरी आहे. सोडल्यानंतर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. सगळ्यांचे वाढतेच असे नाही. पहिल्या दोन महिन्यांत वजन आणि सिगारेट अशा दोन आघाड्या एकदम उघडू नका. संध्याकाळचे चालणे सुरू करा, गोड खाणे आवरा, एवढे पुरे. बदल्यात मिळते ते मोठे आहे : एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो, वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्मा होतो, आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास येतो.

शेवटी एक वैद्यकीय सूचना, जी अनेकदा राहून जाते. कॅफीनसारखीच काही औषधेही धूर थांबल्यावर शरीरात जास्त साठतात. दम्यासाठी थिओफिलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असाल, किंवा मधुमेहासाठी इन्शुलिन चालू असेल, तर सिगारेट सोडण्याची तारीख आपल्या डॉक्टरांना आधीच कळवा, म्हणजे ते मात्रा तपासून हवा तो बदल करतील. सिगारेट पुन्हा सुरू झाली तर तेही त्यांना त्याच आठवड्यात सांगा, कारण मात्रेचा हिशेब तेव्हा पुन्हा बदलतो.